हरणाला औषध कोणी पाजलं?

तिसगावच्या बाजारातून आलेल्या एका गृहस्थाने पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या साहेब." मी नोकरीला नुकताच लागलो होतो. लाच घ्यायची नाही हे घरून ठरवून आलो होतो, पण पेढे लाचेत मोडतात की नाही, हे ठरवायचं राहून गेलं होतं. मी पुडा उघडला. आत म्हशीचं शेण होतं.

"सकाळचंच हाय, एकदम ताजं," तो अभिमानाने म्हणाला.

नगरच्या जनावरांच्या सरकारी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. डॉक्टर नव्हे. पण खेड्यातली माणसं साहेब, भाऊसाहेब, काहीही म्हणायची आणि मी ते ऐकून घ्यायचो. आमच्याकडे येणारा माल हा असा. शेण, रक्त, पू, मेलेल्या शेळीचं काळीज. काळीज वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.ने यायचं, आणि वास सुटला की कंडक्टर ते पार्सल टपावर चढवायचा. लोक विचारायचे, "ह्या घाणीत बघता तरी काय?" तेव्हा नीट सांगायला वेळ नसायचा, म्हणून आता सांगतो.

मांसाचा रस्सा आणि चायनाग्रास एकत्र उकळायचं आणि ते काचेच्या पसरट बशीत ओतायचं. गार झालं की जेली होते. शेणातला कणभर अंश तारेच्या टोकावर घेऊन त्या जेलीवर फिरवायचा आणि बशी उबदार पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जंतूंची साय धरलेली असते. त्यातला हवा तो जंतू निवडून दुसऱ्या बशीत पसरायचा आणि वर कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. कपाळाला लावतात तेवढ्याच, फक्त वेगवेगळ्या औषधात भिजवून वाळवलेल्या. औषध लागू पडत असेल, तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत आणि चंद्राला खळं पडावं तसं स्वच्छ गोल कडं पडतं. जंतू औषधाला जुमानत नसेल, तर तो सरळ टिकलीला भिडून उगवतो. "खळं पडलं" म्हणजे औषध चालेल, "खळं नाही" म्हणजे दुसरं शोधा, ही आमची भाषा.

आज हे लिहायला कारण झालं माझी नातसून. रानातल्या माकडा-कोल्ह्यांच्या पोटातही औषधांना दाद न देणारे जंतू सापडतात, अशी बातमी तिने वाचली आणि म्हणाली, "आजोबा, आता जंगलातूनही हे येणार का हो?"

मी म्हणालो, "जंगलातून येत नाही गं, आपल्याकडून जंगलात जातं." आणि मला जुनी गोष्ट आठवली. कारण जामखेडकडे आजही जुनी माणसं सांगतात, की बाहत्तरच्या दुष्काळात हरणांनी छावणीत हगवण आणली. ते खोटं आहे. खरं काय झालं, ते मला ठाऊक आहे.

जामखेडच्या अलीकडे एका माळावर गुरांची छावणी होती. पत्र्याच्या चार शेडी, बाकी सगळं उघडं, आणि मधोमध पाण्याची लांबलचक गव्हाण. कमिटीचे प्रमुख आण्णा, जवळच्याच गावचे शेतकरी. माणूस करडा, पण सरळ. छावणीत त्यांचा एकच कायदा होता, सगळ्यांना सारखं. उसाचं वाढं मोलाने मिळे, ते तागडीत तोलून प्रत्येकाला सारखं. पाळी चुकवून कोणी बादलीभर पाणी जास्त घेतलं, तरी आण्णा चार माणसांत त्याची शोभा करत. हा कायदा होता, म्हणूनच एवढ्या गावांची माणसं एका माळावर भांडणाशिवाय नांदली.

छावणीत हिराबाई होती. ऐन तिशीतली विधवा बाई. एक गाय, तिचं वासरू आणि एक हरणी, असा तिचा संसार. कुत्र्यांच्या तोंडातून सोडवलेलं काळविटाचं पाडस तिने गाईच्या दुधावर वाढवलं होतं. नाव चिंगी. तेव्हा असं कोणी पाळलं, तर कोणी हटकत नसे. चिंगी गाईच्या पोटाखाली वासराला ढकलून आपली जागा करून घ्यायची, आणि वासराची तक्रार नसायची.

हिवाळ्यात वासरांना हगवण लागली आणि साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला नमुने आणायला धाडलं. तालुक्याचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि टेट्रासायक्लिनची पावडर कमिटीकडे ठेवून जात. मी गव्हाणीपाशी बाटल्या भरत होतो. पलीकडे हिराबाई पाणी ओतत होती. आण्णा आले.

"भाऊसाहेब, पावडर थोडी अन् वासरं लई. निम्मी निम्मी दिली तर चालंल का?"

हे मला विचारण्यासारखं नव्हतं. "डॉक्टरांना विचारा," एवढं म्हणायचं आणि बाटलीला बूच लावायचं, हे माझं काम. पण भाऊसाहेब म्हणवून घ्यायची सवय लागली होती. मी म्हणालो, "न देण्यापेक्षा बरं की."

"अन् बिनआजारी वासरांना?"

"द्या. झाला तर फायदाच."

आण्णांच्या मनासारखं झालं. एकाच्या वासराला औषध आणि शेजारच्याच्या वासराला नाही, हे त्यांच्या कायद्यात बसतच नव्हतं. त्यांनी तिथेच हंडा मागवला, पावडर कालवली आणि भंडाऱ्याला रांग लागावी तशी रांग लावली. बायामाणसं वासरं धरून उभी. नारळाच्या करवंटीने माप. आजाऱ्याला एक करवंटी, धडधाकटालाही एक करवंटी.

हिराबाईने वासराला पाजलं आणि म्हणाली, "आण्णा, माज्या चिंगीलाबी एक."

"हिरे, सरकारनं औषध गुरांना धाडलंय, हरणांना न्हाई. छावणीच्या पटावर तिचं नाव हाय का?"

"पटावर तर तुमचंबी नाव न्हाई. तरी छावणीचा च्या पिताच की दोन टाइम!"

रांग खो खो हसली. आण्णाही हसले, पण करवंटी दिली नाही.

पहिले काही दिवस वासरं सुधारली. शेण घट्ट झालं की आण्णा पावडर थांबवत, पुन्हा पातळ झालं की हंडा काढत. या प्रकारात काय होतं, ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. थोड्या औषधाने दुबळे जंतू मरतात आणि दांडगे उरतात. उरलेल्यांना सगळं रान मोकळं. पूर्ण मात्रेतही हे कधीमधी घडतं, पण अर्ध्या मात्रेत, तेही धडधाकट वासरांना पाजून, आपण जंतूंची तालीमच घेतो. वर जंतूंची खोड अशी, की शिकलेली विद्या ते शेजारच्या जंतूलाही देतात. हे पुस्तकात वाचलेलं, गव्हाणीपाशी मात्र आठवलं नाही.

उन्हं तापायला लागली तशी वासरं मरायला लागली. पावडरीचा उपयोग होईना. मेलेली वासरं माळाच्या टोकाला खड्ड्यात टाकत. खड्डा उथळ, कोल्हे उकरून खात. पहाटे उजाडता उजाडता काळविटांचा कळप गव्हाणीवर पाणी प्यायला यायचा आणि गुरांनी तुडवलेलं वाढं खाऊन जायचा. दुष्काळात त्यांना तरी दुसरं कुठे काय होतं?

साहेबांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "वासरांचं आण आणि भोवतालचंही आण. हरणांच्या लेंड्या, कोल्ह्याची विष्ठा. बघू या काय निघतं." साहेबांना असल्या उचापती आवडत.

म्हणून मी बाभळीआड बसून हरणांची वाट पाहायचो आणि कळप हलला की बाटली घेऊन पळत सुटायचो. एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बघत होता. म्हणाला, "भाऊसाहेब, पगार ह्याचाच का?"

"ह्याचाच."

"मंग आमच्या मेंढरांमागं या की. रोज सोनं पडतंय."

चिंगीचा नमुना घ्यायला गेलो तर हिराबाई म्हणाली, "घ्या, पन जरा तिकडं तोंड करून घ्या. लेकीची जात हाय, लाजती."

नगरला बशा लावल्या. वासरांच्या बशीत टेट्रासायक्लिनभोवती हिवाळ्यात पडलेलं खळं आता नाही, स्ट्रेप्टोमायसिनभोवतीही नाही. कोल्ह्याची बशी तशीच, गव्हाणीवर येणाऱ्या काळविटांची तशीच. चिंगीचीही तशीच. सगळ्यांना सारखं. तिसऱ्याच एका औषधाभोवती मात्र खळं पडलं होतं, म्हणजे वासरं वाचवायला वाट होती.

तो निरोप घेऊन मी छावणीवर गेलो. आण्णांनी विचारलं, "आनि काय निघालं?"

"हरणांच्या पोटातही तेच जंतू निघाले. चिंगीच्यासुद्धा."

"म्हंजी हरणांनीच आणला की रोग!"

"तसं नाही म्हणता यायचं..." मी म्हणालो, आणि थांबलो. तसं नाही तर कसं, हे सांगायला गेलो असतो, तर वासरांच्या जंतूंना तालीम कोणी दिली इथवर बोलणं गेलं असतं. तिथे माझं वाक्य बसलेलं होतं, 'न देण्यापेक्षा बरं की'.

माणसं वासरं गमावून बसली होती. त्यांना राग काढायला कोणीतरी हवं होतं. तासाभरात छावणीभर झालं. शेजारच्या गावात परवान्याची बंदूक होती, तिच्या मालकाला निरोप गेला. गव्हाणीवर येणारी हरणं मारायची. चिंगीचं काय, ते बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत ठरणार होतं, पण ठरल्यासारखंच होतं.

हिराबाई आण्णांसमोर उभी राहिली. "चिंगी जाईल तिकडं मी जानार. अन् मी जाईन तिकडं माजी गाय."

"गाय कुठं नेतीस? बाहेर काडी न्हाई."

"ते मला ठावं हाय."

छावणीबाहेर गाय आठवडाभरही जगली नसती, आणि हे त्या माळावर प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी नगरला परतलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे माझं वाक्य सोडून. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "वासरांना मात्रा पूर्ण दिली होती ना?"

"हो साहेब."

"मग हे जंतू शिकले कुठे? हरणात शिकले म्हणावं, तर हरणाची त्या औषधाशी गाठच नाही." थोडा विचार करून म्हणाले, "जिथे आसपास छावणी नाही, गुरं नाहीत, अशा माळावरच्या काळविटांच्या लेंड्या आण. लगेच नीघ."

मी कर्जतकडच्या माळावर उन्हात भटकलो, कळप सापडला, पळालो, बाटल्या भरल्या. सगळं उरकून टिकल्या ठेवलेली बशी पेटीत गेली, तेव्हा बाजाराचा दिवस मावळत आला होता. सकाळी पेटी उघडली, आणि खळं होतं. टेट्रासायक्लिनभोवती खळं, स्ट्रेप्टोमायसिनभोवती खळं. सगळ्या बशांत. काचेतून पलीकडची खिडकी दिसावी इतकं स्वच्छ. पुढे तीस वर्षं बशा पाहिल्या, पण इतकी देखणी बशी पुन्हा पाहिली नाही.

दोन्हीकडच्या बशा चिकटपट्टीने बंद करून, कापसात गुंडाळून डब्यात घातल्या आणि जामखेडची एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, "काय, मिठाई का?"

"मिठाईच," मी म्हणालो.

बैठक पत्र्याच्या शेडीत होती. बंदूकवाला येऊन बसला होता. हिराबाई चिंगीच्या गळ्यातली दोरी मनगटाला गुंडाळून उभी. आण्णांनी मेलेल्या वासरांची यादी म्हणून दाखवली, प्रत्येक मालकाचं नाव घेऊन. मग म्हणाले, "बोल हिरे, तुला काय म्हनायचं ते म्हन."

हिराबाईने तोंड उघडलं. पण मी उभा राहिलो होतो.

"आण्णा, आधी मला एक विचारू द्या. हरणाला औषध कोणी पाजलं?"

"कोन पाजनार? कोनी न्हाई."

"चिंगीलाही नाही?"

"न्हाई म्हनतो ना! हिनं करवंटी मागितली तवा मीच न्हाई म्हनलो. समद्यांनी ऐकलंय."

"ऐकलंय," रांगेतल्या दोघीतिघी म्हणाल्या.

"मग ज्या औषधाचा थेंब तिच्या पोटात गेला नाही, त्या औषधाशी झुंजायला तिच्या पोटातले जंतू शिकले कुठून? औषध प्यालं वासरांनी. जंतू शिकले ते वासरांत. तिथून ते गव्हाणीत गेले, वाढ्यात गेले, आणि तिथून हरणांत. खड्ड्यातल्या वासरांतून कोल्ह्यांत. हे बघा."

मी बशा काढल्या. एक इथल्या काळविटांची, एक लांबच्या माळावरच्या काळविटांची. झाकण उघडायचं नाही, एवढं बजावून हातोहात फिरवल्या. खळं म्हणजे काय ते सांगितलं. बंदूकवाल्याने सगळ्यात जास्त वेळ बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी पाव्हन्याला आपनच जेवाय घातलं, अन् तो आजारी पडला म्हनून आता गोळी घालायची."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. आण्णा हसले नाहीत. बशी उन्हाकडे धरून बघत राहिले आणि म्हणाले, "हिरे, दोरी सोड तिची. काचतीय तिला."

बंदूकवाला चहा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. आजारी वासरं वेगळी बांधली, फक्त त्यांनाच नवं औषध, पूर्ण मात्रेत, सांगितले तेवढे दिवस. गव्हाण रिकामी करून चुना फासला. खड्डा खोल करून काटेरी फांद्यांनी झाकला. आठ-पंधरा दिवसांत वासरं सावरली. पहिल्यांदा एक वासरू शेपटी उभारून शेडीभर उधळलं, तेव्हा माणसं हातातली कामं टाकून बघत उभी राहिली. मीही.

त्याच दिवशी हिराबाई माझ्याजवळ आली. "हरणांना वासरांनी दिलं. अन् वासरांना कुनी दिलं, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "बाजारातून आलेल्या एखाद्या जनावराबरोबर आलं असेल."

"असंल," ती म्हणाली आणि गेली.

साहेबांनीही वर तसंच कळवलं. त्यांनी माझ्या "हो साहेब"वर विश्वास ठेवला होता. ते गेले तेही तोच विश्वास घेऊन. त्याचा परिणाम असा, की दुसऱ्या छावण्यांना कोणी सांगितलंच नाही, की औषध पंगतीत वाढायची वस्तू नाही. त्या उन्हाळ्यात इतर छावण्यांमधूनही खळं न पडलेल्या बशा माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येक वेळी मी नोंद केली आणि बशी धुवायला टाकली. तिथल्या किती वासरांचा हिशेब माझ्या नावावर आहे, मला माहीत नाही. आण्णांचा यात दोष नाही, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी विचारून केलं. उत्तर मी दिलं.

नातसुनेच्या त्या प्रश्नानंतर मी जामखेडला गेलो. हिराबाई आहेत. ऐंशी ओलांडली आहे, कान शाबूत, दात नाहीत. ओळख पटली तशा म्हणाल्या, "लेंड्यावाले भाऊसाहेब!" चिंगीचं विचारलं. पाऊस झाल्यावर ती कळपात गेली. वर्षभर अधूनमधून बांधावर येऊन उभी राहायची, गाईकडे बघायची आणि निघून जायची.

मग मी सांगितलं. इतकी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती, तरी अडखळलो. आण्णांनी विचारलं, मी निम्मं चालेल म्हणालो, साहेबांना खोटं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय की."

"काय ठावं आहे?"

"म्या गव्हानीत पानी वतत हुते न्हवं का? समदं ऐकलं. म्हनून तर इचारलं तुमाला, वासरांना कुनी दिलं. तुमी बाजाराचं नाव घेतलं." त्या बोळक्या तोंडाने हसल्या. "बाजाराला काय, बोलता येत न्हाई."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत? तुमच्यावर आलं होतं सगळं."

"सांगनार हुते. आण्णा बोल म्हनाला, म्या तोंडबी उघडलं. तेवढ्यात तुमी उठला." पदराने डोळे पुसून पुढे म्हणाल्या, "चिंगी वाचली. मंग मागाहून बोलून काय? औषध वाटून दिलं म्हनून छावनी बंद झाली असती, तर गाय कुठं नेली असती?"

मी हसायला लागलो. थांबवता येईना. ज्या वाक्याच्या भीतीने मी आयुष्यभर जामखेडचा रस्ता टाळला, ते वाक्य त्या बाईने तेव्हाच झेललं होतं आणि गाईच्या चाऱ्याखाली ठेवून दिलं होतं. इतर छावण्यांचं ओझं आहे तिथेच आहे, ते त्या उतरवू शकत नाहीत. पण छाती मोकळी झाली, हे खरं.

"लिहू का हे?" मी विचारलं.

"लिवा की. आण्णाबी न्हाई राहिला आता. हरनांवरचा आळ तरी जाईल."

त्यांची भाचेसून चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली. पातेल्यात डोकावून म्हणाली, "आत्या, दूध संपलं. च्या थोडाच झालाय. दोघांत निम्मा निम्मा चालंल का?"

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळे मिचकावले.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना पूर्ण कप द्या. मला नको."